टोपलीभर माती

चाळीस पोती माती मी वाफेवर शिजवली. बटाटे उकडतात तशी, लोखंडी ड्रममध्ये, झाकण लावून, खाली जाळ घालून. सात दिवस लागले. माझ्या भुवया जळल्या, उजव्या हाताच्या बोटांना फोड आले, तरी कोणाला ड्रमजवळ फिरकू दिलं नाही. आता सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते, की त्या सात दिवसांत मला फार आनंद झाला होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा या घरात माझ्या म्हणण्यानं काहीतरी चाललं होतं.

आमचं घर रोपांवर चालतं. ओढ्याकाठी अर्धा एकर जागा, तिच्यात दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, आणि हिरव्या जाळीच्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या ओळी. जागा आमची नाही, वनखात्याची आहे. रोपं चांगली द्यायची आणि जागेवर राहायचं, हे माझ्या आजेसासूच्या वेळेपासून ठरलेलं. मागच्या डोंगराला आग लागून गेली तेव्हापासून खात्याला आमच्याकडून फक्त पाइनची रोपं हवी असतात. पुलापलीकडे आणखी एक रोपवाटिका आहे. तिचा मालक कुंपणावरून आमच्या जागेकडे असा बघतो, जणू पडद्याचं माप घेतोय.

घरात माणसं तीन. मी, आमचे हे आणि सासूबाई. हे फार बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे खोल विहिरीतून बादली ओढायची, आणि वर आली की निम्मी रिकामी. सासूबाई बोलायच्या, पण त्यांचं बोलणं म्हणजे हुकूम. "जाळी ओढ." "दगड उचल." आणि मी झारी हातात घेतली की दर वेळी, न चुकता, "हात हलका ठेव." मला त्या तीन शब्दांची चीड होती.

तर झालं असं, की मागच्या वर्षी आमची निम्मी रोपं उगवली आणि आठवड्यात आडवी झाली. देठ जमिनीपाशी मऊ पडायचा, पाणचट व्हायचा, आणि रोप मान टाकायचं. खात्याचे साहेब आले. चिमटीत एक रोप धरून म्हणाले, "बुरशी आहे. तुमची माती घाण आहे." मी, हे आणि साहेब, तिघांचीही नजर एकदम कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली. सासूबाईंनी टोपली पायानं हळूच मागे सारली. एवढ्या करारी बाईचा तो पाय मला अजून दिसतो.

त्या टोपलीचं प्रकरण असं. दरवर्षी पिशव्या भरायच्या आधी सासूबाई एकट्या टेकडीवर जायच्या. तिथं आगीतून वाचलेली पाच-सहा म्हातारी, सुयांसारख्या पानांची पाइनची झाडं आहेत. त्यांच्याखालची टोपलीभर माती आणायच्या आणि आमच्या सगळ्या मातीत मिसळायच्या. कशासाठी म्हणून विचारलं तर "घरची रीत आहे." संपलं. ती माती काळी, ओलसर, कुबट वासाची, आणि तिच्यात पांढरे धागे. शिळ्या भाकरीवर येतात तसलेच. आता मला सांगा, बुरशीनं रोपं मेली म्हणून साहेब ओरडून गेलेत आणि बाई टोपलीनं बुरशी आणून घालते आहे, यावर कोणाचं डोकं शांत राहील?

खात्यानं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं, तिथं मी गेले. शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, माती वाफवून घ्या, रोग मरतो. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. आमच्याकडे वाळू आणणारा टेंपोवाला त्याच संध्याकाळी परत निघाला होता, म्हणाला, "वहिनी, येताय का, जागा आहे." मला वाटलं, कळायचं ते कळलं, आता तिसऱ्या दिवशी नुसते सत्कार आणि फोटो असणार. आले बसून पुढच्या सीटवर.

पेरणीच्या आदल्या दिवशी सासूबाई सकाळपासून घरात नव्हत्या. या खेपेला टेकडीवर जायचं नाही, असं मी त्यांना चार वेळा बजावलं होतं. ह्यांच्यासमोर बजावलं होतं. दुपारी उन्हातून त्या लंगडत आल्या. गुडघा फुटला होता, लुगड्याला माती आणि रक्त लागलं होतं, आणि कमरेवर टोपली. उतारावर पडल्या असणार, पण टोपली सांडू दिली नव्हती.

मी सात दिवसांची जागी होते. डोळ्यांत धूर भरलेला. समोर शिजवून, गाळून, भरून ठेवलेल्या सहा हजार पिशव्या, एकेक स्वच्छ. आणि ही बाई त्यांच्यात ते घालणार. मी टोपली त्यांच्या कमरेवरून ओढली आणि भिरकावली. म्हणजे टोपली हातातच राहिली, माती गेली. टाकीजवळच्या शेवटच्या ओळीवर जाऊन पडली.

"गेल्या वर्षी मारलीत तेवढी पुरली नाहीत का?" मी म्हणाले. हे वाक्य मी म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "माझी टोपली दे," एवढंच म्हणाल्या. रिकामी टोपली घेऊन आत गेल्या. मी कुंचा आणून पिशव्यांवरची माती झाडून काढली. जेवढी निघाली तेवढी निघाली. दुसऱ्या दिवशी बी पेरलं.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार महिने. भांडण असतं तर बरं. समोर ताट ठेवलं की जेवायच्या, पाणी दिलं की प्यायच्या, आणि "हात हलका ठेव" सुद्धा बंद. गुडघा बरा झालाच नाही, काठी लागली. रोज सकाळी काठी टेकत टाकीपर्यंत जायच्या आणि एका पालथ्या क्रेटवर बसून शेवटच्या ओळीतलं गवत उपटायच्या, आमच्याकडे पाठ करून. मला वाटायचं, बसल्यात फुगून. बसू देत.

सुरुवातीला रोपं अशी उगवली की काय सांगू! एक पडलं नाही. सहा हजार पिशव्यांत सहा हजार हिरव्या टिकल्या. मी ओळींमधून मिरवायची. पुलापलीकडचा मालक सहज म्हणून येऊन बघून गेला, त्याला मी मुद्दाम सगळं दाखवलं. टेंपोवाला म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीच शिबिर घ्या." मी लाजायला हवं होतं, पण लाजले नाही.

दोन महिन्यांनी रोपं थांबली. चार बोटं झाली आणि थांबली. आज वाढतील, उद्या वाढतील करता करता टोकं जांभळट झाली, मग खालून पिवळी पडायला लागली. मी खत घातलं. आणखी पिवळी. शेण कालवून घातलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, जाळी काढली, जाळी लावली. सकाळी सहाला ओळीत वाकायचं ते ऊन डोक्यावर येईतो. कंबर मोडून यायची. सहा हजार रोपं एकेक करून बघितली तरी रोप सांगत नाही, त्याला काय होतंय ते. टेंपोवाला वाळू उतरवताना म्हणाला, "वहिनी, ही रोपं आहेत की काडेपेटीतल्या काड्या?" ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेता गेला.

चौथ्या महिन्यात साहेब आले. सोबत पट्टी होती. पहिल्या ओळीतल्या एका रोपाला लावली, दुसऱ्या ओळीतल्या एकाला लावली, तिसऱ्याला लावलीच नाही. मग दोन बोटांनी एक रोप वर ओढलं. ते आलं, केस ओढावा तसं, काही विरोध न करता. मुळाची नुसती एक लांब सुतळी. पिशवीतली माती भुसभुशीत गळून साहेबांच्या बुटांवर पडली.

"रोग तर नाही काही," मी म्हणाले.

"रोग नाही. जीवही नाही," साहेब म्हणाले. बूट झटकले. "तीन महिन्यांनी येतो. वीतभर उंची आणि हिरवा रंग. निदान दोन तृतीयांश रोपं तशी पाहिजेत. नाहीतर यंदा ही जागा पुलापलीकडच्यांकडे जाईल. वरून तसं पत्र आलंय, माझ्या हातात नाही."

"आणि खोल्या?" ह्यांनी विचारलं. दिवसातलं पहिलं वाक्य.

"खोल्या जागेतच आहेत ना?" साहेब म्हणाले.

त्या दिवशी चूल पेटवायला माझा हात धजेना. ज्या भिंतीला मी टेकून बसले होते तिला मी स्वतः अठरा वेळा चुना दिलाय. ह्यांचा जन्म त्या आतल्या खोलीतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला आत बसलेल्या सासूबाईंच्या तोंडून ऐकायची होती. ऐकवली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण आतून नुसता काठीचा आवाज आला, आणि तोही थांबला.

चार दिवसांनी मी ठरवलं, अगदी वाळून गेलेली रोपं उपटायची, निदान पिशव्या तरी मोकळ्या होतील. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. उपटत, टाकत, सरकत शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा ऊन तापलं होतं. त्या ओळीला पाणी हेच घालायचे, तेही टाकीच्या कठड्यावरून लांबूनच नळी सोडून. सासूबाई तिथं बसायच्या म्हणून मी तिकडे महिना-दीड महिना फिरकलेच नव्हते. त्या नुकत्याच उठून जेवायला आत गेल्या होत्या. क्रेट रिकामा होता.

क्रेटच्या पलीकडे रोपं हिरवी होती.

बारकी-सारकी नाही, गडद हिरवी, वीतभर. शेजारची पिशवी पिवळी, काडीसारखी, आणि तिला खेटून ही. मी पिशव्या मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. पाणी तेच, बी तेच, माती त्याच ड्रममधली. टाकीची सावली म्हणावी तर सावलीतली बाकीची पिवळीच होती. मी मागे सरकून पाहिलं. हिरवळ सरळ रेषेत नव्हती. माझ्या बाजूला निमुळती, दोन पिशव्यांची, आणि पुढे पुढे पसरत गेलेली, पंख्यासारखी.

मी जिथं उभी होते तिथून दोन पावलं डावीकडे गेले. का गेले, माहीत नाही, पाय गेले. रिकामे हात कमरेपाशी नेले आणि वळून भिरकावल्यासारखं केलं. हात जिथं थांबले तिथून हिरवं सुरू होत होतं.

मी तिथंच खाली बसले. माझ्या रागाचा आकार होता तो. मी फेकलेल्या मातीचं जिथं जिथं ढेकूळ पडलं, आणि कुंच्यानं निघालं नाही, तिथं तिथं रोप जगलं होतं.

त्यातलं एक मी ओढून पाहिलं. येईना. पिशवी फाडली तेव्हा आतली माती गोळा होऊन उभी राहिली, गळली नाही. तिला पांढऱ्या धाग्यांनी आतून शिवल्यासारखं केलं होतं. मुळं आखूड, फुगीर, टोकाला दोन-दोन फाटे फुटलेली, बारक्या बेचकीसारखी, आणि प्रत्येक बेचकीवर पांढरं पांघरूण. तीच बुरशी. जिला मारायला मी भुवया जाळून घेतल्या.

मागे काठी वाजली. सासूबाई दारातून येत होत्या. मी तशीच बसून राहिले, फाडलेली पिशवी मांडीत घेऊन.

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला दिसलं होतं हे?"

त्या क्रेटवर बसल्या. गुडघा हातानं सरळ केला. मला वाटलं, आताही बोलणार नाहीत.

"डोळे आहेत मला," त्या म्हणाल्या. चार महिन्यांनी. आवाज घोगरा झाला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाशी बोलू?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी काठी मध्ये आडवी धरली. "ते राहू दे. रडायचं असलं तर चालता चालता रड. टोपली घे."

पण टोपली घेऊन जाणार कसं? मला ती झाडं लांबूनच माहीत. सासूबाई म्हणाल्या, मी आल्याशिवाय तुला कळायचं नाही. गुडघा म्हणजे पिकलेल्या पपईसारखा झालेला. शेवटी ह्यांनी वाळू वाहायचा एकचाकी हातगाडा धुतला, त्यात पोतं अंथरलं आणि न बोलता आईसमोर आणून उभा केला.

"वाळू समजलास काय मला?" सासूबाई म्हणाल्या.

"वाळू बोलत नाही," हे म्हणाले.

मी एकोणीस वर्षांत त्यांचा विनोद पहिल्यांदा ऐकला.

पहाटे उजाडल्या उजाडल्या निघालो. हे ढकलायचे, मी पुढून दोरीनं ओढायची, आणि सासूबाई गाड्यात बसून दोघांच्याही चुका काढायच्या. पुलापाशी टेंपोवाला भेटला. तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, पण सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि तो खाली उतरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत ढकलू लागला. पुढे चढ. जळक्या बुंध्यांमधून गाडा जाईना. तिथून ह्यांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं. हे मध्येच थांबून श्वास घ्यायचे तेव्हा त्या मुलाच्या मानेवरचा घाम पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "तुला मी याच वाटेनं पोटात घेऊन चढले आहे. तेव्हा मी थांबले नव्हते."

झाडाखाली गेल्यावर मी बुंध्यापाशी खुरपं मारलं.

"तिथं नाही. तिथं काय मिळणार, खोडापाशी? फांदीचं टोक जिथं संपतं तिथं बघ. वरच्या सुया बाजूला कर. हातानं, खुरपं ठेव. दोन बोटं खाली जा. पांढरं दिसलं?"

दिसलं. वाळक्या सुयांच्या खाली सगळी माती पांढऱ्या जाळ्यानं भरली होती. एक धागा मी बोटानं सोडवत नेला तर तो तुटला नाही, आणखी पुढे गेला, तिथं आपोआप उगवलेलं हातभर रोप होतं, त्याच्या मुळात शिरला. आगीनंतर त्या अख्ख्या उतारावर जी चार रोपं आपसूक आली होती, ती सगळी या म्हाताऱ्या झाडांच्या आसपासच आली होती. मी ते पाहत बसले. इतकी वर्षं खालून टेकडी बघितली आणि हे एकदाही बघितलं नव्हतं.

"एका झाडाखालून एकच टोपली," सासूबाई सांगत होत्या. "घेतलं की सुया परत पसरायच्या, उघडं नाही टाकायचं. ऊन लागू द्यायचं नाही. ओलं पोतं घाल वर."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आता बोलायला हरकत नव्हती. "घरची रीत, घरची रीत! रीतच ऐकायची असती तर मी कशाला माती शिजवली असती?"

हे लांब जाऊन उभे राहिले.

"मला तरी कोणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या. "माझी सासू म्हणायची घरची रीत. मी नवी आले तेव्हा मला वाटायचं, मला टेकडी चढवायची म्हणून काढलंय हे खूळ. एका वर्षी तिनं पाठवलं, आणि मी ओढ्याकाठचीच माती भरून नेली. खोटं सांगितलं की वरची आहे."

"मग?"

"मग काय. अशाच काड्या झाल्या रोपांच्या. ती मेली तोवर तिला वाटत होतं, बी वाईट होतं." त्यांनी सुयांवरून हात फिरवला. "तू फेकलीस ते सगळ्यांसमोर फेकलीस. मी चोरून फेकली होती. तुला कुठल्या तोंडानं बोलणार होते मी? चार महिने तुझ्यावरच रागावून बसले होते असं समजू नकोस."

मग त्याच म्हणाल्या, "आणि गेल्या वर्षीचं म्हणशील तर ती या मातीनं मेली नव्हती. ढगाळ होतं, जाळी बंद होती, आणि तू झारी अशी ओतायचीस की जशी आग विझवतेस. हात हलका ठेव, हात हलका ठेव, किती वेळा सांगायचं माणसानं?"

खरं होतं. आधी रोपं मारली ती माझ्या पाण्यानं, मग उपासमार केली ती माझ्या आगीनं, आणि बोल मात्र लावला त्यांच्या टोपलीला. त्या टेकडीवर मी मनापासून रडले. सासूबाईंनी रडू दिलं, नंतर म्हणाल्या, "झालं? पोतं भिजव."

तीन टोपल्या माती आणली. प्रत्येक पिशवीत काडीनं भोक पाडायचं, मुळापाशी, आणि चिमूट-चिमूट माती सोडून बोटानं बंद करायचं. साडेपाच हजार वेळा तरी. सहा दिवस लागले. तिघांच्या नखांत काळं बसलं ते महिनाभर निघालं नाही. सासूबाई क्रेटवर बसून करायच्या, आणि एक ओळ झाली की हे त्यांना क्रेटसकट उचलून पुढे ठेवायचे. खत बंद केलं. पाणी मी घालायची, अगदी धार बोटांवरून सोडून, आणि मागे कोणी काही म्हणतंय का म्हणून कान तिकडे. कोणी काही म्हणायचं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाच आठवडे काही झालं नाही. उलट काही रोपं आणखी वाळली. ऊन असं होतं की टाकीचा नळ दुपारी हाताला पोळायचा. पुलापलीकडचा मालक कुंपणाशी येऊन म्हणाला, "जाळी जाताना ठेवून जाणार असाल तर सांगा." मी म्हणाले, "जाताना तुम्हालाच गुंडाळून नेईन तिच्यात." पण आत जाऊन मी भांडी दोन गठ्ठ्यांत लावायला घेतली. न्यायची आणि न न्यायची. सासूबाईंनी दारातून बघितलं. "तवा कशात ठेवलास?" म्हणाल्या. "न्यायच्यात," मी म्हणाले. "बाहेर काढ. अजून भाकरी करायची आहे त्याच्यावर."

सहाव्या आठवड्यात एका ओळीत पाच-सात रोपांची टोकं हिरवी दिसली. मी कोणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी हे आत येऊन म्हणाले, "तिसऱ्या ओळीत बघितलंस?" तिसऱ्या दिवशी कळलं, सासूबाईंनी तर तीन दिवस आधीच बघितलं होतं. त्याही नजरेलाच भ्यायल्या होत्या. मग मात्र रोपं थांबली नाहीत.

साहेब आले ते बरोबर तीन महिन्यांनी, पट्टी घेऊन. या वेळी प्रत्येक ओळीत वाकून बघितलं. जी मेली होती ती मेलीच होती, दीड हजार तरी गेली असतील. काही हिरवी होती पण वीत भरली नव्हती. साहेब वहीत लिहीत होते, आणि मी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत उभी होते. ह्यांनी टाकीचा कठडा असा धरला होता की जणू तोच कोणी घेऊन जाणार होतं.

"चार हजार शंभर," साहेब म्हणाले. "दोन तृतीयांशाच्या वर शंभर. जागा राहू द्या म्हणून लिहितो."

ह्यांनी कठडा सोडला. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

साहेबांनी एक रोप ओढलं. या खेपेला दोन बोटांनी आलं नाही. पिशवी उलटी करून त्यांनी मुळं बघितली, पांढरे धागे बघितले, आणि भुवया वर केल्या. "हं. झाड पानांत साखर करतं, ती या बुरशीला देतं. आणि बुरशी लांबून लांबून पाणी नि मातीतलं सत्त्व ओढून झाडाला आणून देते. पाइनचं तर हिच्याशिवाय पानच हलत नाही."

"फुकट कोणी कोणाचं करत नाही, साहेब," सासूबाई क्रेटवरून म्हणाल्या.

"माती वाफवली की ही पण मरते. म्हणून मग जुन्या झाडाखालची माती परत घालायची असते." साहेब माझ्याकडे वळले. "शिबिरात तिसऱ्या दिवशी हेच तर शिकवलं होतं. लक्षात ठेवलंत म्हणायचं."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. साहेब वहीत 'प्रशिक्षणाचा लाभ' असं काहीतरी लिहायला लागलेही होते. मी म्हणाले, "नाही साहेब. तिसऱ्या दिवशी मी नव्हतेच. मला काही माहीत नव्हतं. ही माती आमच्या आईंची. त्यांना विचारा, त्यांचं नाव लिहा."

साहेबांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही घातलीत का माती?"

सासूबाईंनी दोन्ही हात काठीवर ठेवले. त्यांना सगळं सांगता आलं असतं. टोपली, गुडघा, मी काय बोलले ते. मी तयार होते. ते माझं देणंच होतं.

"मी नुसती आणली," त्या म्हणाल्या. "पिशव्यांवर टाकली हिनेच. पहिली माती हिच्याच हातची आहे, ती बघा तिथं, टाकीपाशी. सगळ्यात उंच."

साहेब तिकडे बघायला गेले. हे त्यांच्यामागे गेले. मी आणि सासूबाई दोघीच उरलो. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी झारी उचलली आणि उगाच जवळच्या ओळीला पाणी घालायला लागले. डोळे भरले होते, धार कुठं पडते ते दिसत नव्हतं.

"हात हलका ठेव," मागून आवाज आला.

मी धार कमी केली.

"आणि पुढच्या वर्षी फेकू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "ओंजळीनं घाल."